हातकडीचं दुसरं कडं

फौजदारांनी हातकडीचं एक कडं भुजंगच्या उजव्या मनगटात अडकवलं आणि दुसरं कचरूच्या डाव्या मनगटात. मग चावी स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकली आणि वरून बटण लावलं.

“साहेब, चावी?” कचरूनं विचारलं.

“चावी इथंच राहील.”

“तिथं मर्तिक हाय साहेब. पोराला मडकं धरावं लागंल, फेरे मारावे लागतील.”

“मग मारू दे की. तूही चाल त्याच्याबरोबर. पाय कुठं बांधलेत तुझे?” फौजदार हसले आणि लगेच गंभीर झाले. “हे बघ, तुझ्या हातात चावी दिली की पहिल्या वळणावर तू बेडी सोडणार आणि दोस्ताचा हात धरल्यासारखा चालायला लागणार. मला माहीत नाही का तुझं? त्यात तू एकटा जातोयस. सगळी माणसं मंत्र्याच्या बंदोबस्ताला गेलीत. कोर्टानं आजच्या दिवसाची परवानगी दिलीय. दिवस मावळायच्या आत परत यायचं.”

फौजदारांचं म्हणणं खोटं नव्हतं. कचरू खरात हा सबजेलचा शिपाई कैद्याला कोर्टात नेताना हातकडी कमरेच्या पट्ट्याला लटकवून ठेवायचा आणि कैद्याचा पंजा आपल्या पंजात धरून चालायचा. सबजेल ते कोर्ट हा रस्ता भर बाजारातून जातो. आपल्याकडं दोन गडी माणसं हातात हात घालून बाजार हिंडतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. त्यामुळं ह्या दोघांकडंही कुणी वळून बघत नसे. फार तर एखादा म्हणे, आज हवालदाराला गाववाला भेटलेला दिसतो. कैद्याला तो नावापुढं ‘राव’ लावून हाक मारी, अगदी कोंबडीचोरालासुद्धा. ठाण्यात त्याची टिंगल चाले. ‘कचरूमामाकडं पाव्हणे उतरलेत,’ असं बाकीचे शिपाई म्हणत. कचरू हसून सोडून देई. फार झालं तर म्हणे, “कोर्टानं कैद दिली, तमाशा न्हाई दिला.”

इतक्या वर्षांत एकच जण हात सोडवून पळाला, तोही बायको बाळंत झाल्याचं कळलं म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी पोराचं तोंड बघून आपल्या पायानं गेटावर येऊन बसला. पण पळाला तो पळालाच. कचरूची चौकशी झाली. पुन्हा असं घडलं तर पेन्शन विसर, असं त्याला तोंडावर सांगण्यात आलं. पेन्शनला आता दोन पावसाळे उरले होते.

हात धरून न्यायचं हे कचरूला कुणी शिकवलेलं नव्हतं. निजामाच्या राज्यात त्याच्या गावच्या चावडीपुढं लाकडी खोडा असे. मयताची खबर परगावी पोचवायला उशीर केला म्हणून पाटलानं एकदा त्याच्या बापाचे दोन्ही पाय त्या खोड्यात अडकवले आणि दिवसभर तसंच बसवलं. मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त येणारे-जाणारे बघत होते. पाणवठ्यावर जाणाऱ्या बाया बघत होत्या, त्यांची लेकरं बघत होती. बापाच्या पायांची सूज चार दिवसांत उतरली, पण ते बघणारे त्याला मरेपर्यंत दिसत राहिले.

पुढं निजाम गेला, खोडा गेला. कचरू पोलिसात लागला. सबजेलच्या मागच्या खोलीत जुन्या दंडाबेड्या गंज खात पडल्या. पैठणला तर भिंती नसलेला तुरुंग निघाला. जालन्याला एका मोठ्या साहेबानं ‘कैदी हाही माणूस आहे’ या विषयावर तासभर भाषण केलं, तेव्हा कचरू तिथं बंदोबस्ताला उभा होता. घरी येऊन बायकोला म्हणाला, “साहेब आपल्यावानीच बोलून राह्यला. फक्त इंग्रजी लय घालून राह्यला मधात.”

आता मात्र त्याच्या स्वतःच्याच मनगटात लोखंड होतं. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दोघांच्या मनगटांवर टाकला.

“चला भुजंगराव. बोरखेडीची गाडी लागली असंल.”

गाडीत दोघं एका बाकावर बसले. कंडक्टरनं तिकीट फाडताना टॉवेलाकडं पाहिलं आणि तो पुढं गेला. भुजंग खिडकीबाहेर बघत होता. ज्वारी काढणीला आली होती. कणसांवर पाखरं बसत होती आणि गोफणीच्या आवाजानं उठत होती.

भुजंग पस्तिशीचा, अंगानं दणकट, मराठ्याच्या खात्यापित्या घरचा. दुष्काळाच्या साली विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं, आणि त्यानं चुलतभाऊ रामराव याच्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा घातला. रामराव दवाखान्यात मेला. भुजंगला धरून आणलं. खटला अजून उभा राहायचा होता. बायको माहेरी निघून गेली. राहिली एकटी आई, गिरिजाबाई. ती दर बाजारच्या दिवशी भाकरी बांधून सबजेलच्या दारात येऊन बसायची. पोराशी बोलणं थोडंच. गजांतून हात घालून त्याचं डोकं चाचपायची आणि जाताना कचरूला म्हणायची, “हवालदार, पोराकडं ध्यान ठिवा.” मागच्या दोन बाजारांना ती आली नाही. काल संध्याकाळी निरोप आला, की गिरिजाबाई गेली.

“हवालदार,” भुजंग खिडकीबाहेर बघतच म्हणाला.

“बोला.”

“मला रामरावला मारायचं नव्हतं.”

“ते कोर्टाला सांगा भुजंगराव. माझ्या हातात ते न्हाई.”

“मायला सांगितलं होतं मी. माय म्हणली, मला पटलं. पर मंग म्हणली, तरी बी तुला शिक्षा भोगावी लागंल, अन् मी मेले तर आग तूच द्यायाची. दुसऱ्या कुनाच्या हातची न्हाई चालनार मला. असं म्हणली ती. मागल्या दोन बाजारांच्या आधीच्या बाजारी.” त्यानं कपाळ खिडकीच्या गजाला टेकवलं. “मंग आलीच न्हाई.”

 कचरूनं टॉवेलाखाली आपला हात थोडा भुजंगकडं सरकवला, म्हणजे कडं त्याच्या मनगटाला काचणार नाही.

बोरखेडीला उतरून भुजंगच्या घरी पोचले तेव्हा माणसं ओट्यावर, भिंतीच्या सावलीला, जागा मिळेल तिथं बसली होती. रामरावच्या घरचं मात्र कुणी नव्हतं. गिरिजाबाईला अंघोळ घालून हिरवं लुगडं नव्हे, पांढरं नेसवून ठेवलं होतं; ती विधवा होती. भुजंग आईच्या पायांवर पडला तेव्हा कचरूलाही गुडघ्यांवर बसावं लागलं. बायांचा आक्रोश उठला. सगळ्यांत मोठ्यानं रडत होती ती भुजंगची चुलती, पुष्पाबाई. “आलं गं लेकरू! गिरजाबाई, बघ की गं डोळे उघडून!” असं ती म्हणत होती. कचरूनं मान खाली घातली. टॉवेल घसरून पडला होता. सगळ्या गावाला हातकडी दिसत होती, आणि एका हातानं तो टॉवेल उचलायला जागाही नव्हती.

पुष्पाबाईचा नवरा अप्पाराव हा भावकीतला कर्ता माणूस. पांढऱ्या मिशा, डोक्याला पटका. त्यानं कचरूला बसायला घोंगडी टाकायला लावली.

“हवालदारसाहेबाला च्या आना रे. लांबून आले. बशी घ्या चांगली, ती फुटकी नका देऊ.”

चहा आला. कचरूनं उजव्या हातानं प्याला. भुजंगनं घेतला नाही.

तिरडी उचलली. पुढं भुजंग, डाव्या हातात विस्तवाचं मडकं, आणि त्याच्या उजव्या अंगाला कचरू. दोघांची पावलं आपोआप सारखी पडायला लागली, कारण नाही पडली तर कडं ओढत होतं. नाल्याकाठी मराठ्यांचं मसणवट. सरण रचून तयार होतं. गिरिजाबाईला वर ठेवलं. पाण्याचं नवं मडकं भरून आणलं. मुलानं ते खांद्यावर घेऊन सरणाभोवती फिरायचं, प्रत्येक फेऱ्याला मागच्यानं दगडानं त्याला भोक पाडायचं, धार लागत राहायची, आणि शेवटी ते मागं टाकून फोडायचं, अशी रीत.

अप्पाराव म्हणाला, “हवालदारसाहेब, आता खोला बेडी.”

“चावी माझ्यापाशी न्हाई.”

“म्हंजी?”

“फौजदारसाहेबांनी ठिवून घेतली.”

लोकांत कुजबुज सुरू झाली. एक जण म्हणाला, “लोहाराला हाक मारा, जल्दी. छन्नीनं तोडून टाकंल.” कचरूनं मान हलवली. “तोडली तर कैद्यानं पळायसाठी तोडली असं धरतील. भुजंगरावांवर आनखी एक गुन्हा चढंल. माझी पेन्शन तर जाईलच.”

अप्पारावनं क्षणभर विचार केला. मग तो मोठ्या मनानं म्हणाला, “जाऊ द्या. मंग हवालदारसाहेब बी संगं फिरतील. त्यात काय बिघडलं? पोलीस म्हंजी सरकार. सरकारला सगळं माफ असतं.” माणसांनी माना डोलावल्या. मडकं पुढं आलं. एवढ्यात अप्पारावनं सहज, पाहुण्याची विचारपूस करावी तसं विचारलं, “तुमचं आडनाव काय म्हणले?”

“खरात.”

“कोनते खरात?”

कचरूला खोटं बोलता आलं असतं. खाकीच्या आत कोण आहे हे खाकी सांगत नाही. नुसतं गाव सांगितलं असतं आणि गप्प बसला असता, तरी भागलं असतं. पण छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवशी त्यानं ठरवलं होतं, की हा प्रश्न आला की उत्तर एकाच आवाजात द्यायचं.

“आमी बौद्ध हाव.”

मडकं घेऊन आलेला माणूस तिथंच थांबला. कुणीतरी खाकरलं. ज्या पोरानं मघाशी चहाची बशी उचलून नेली होती, त्यानं आपल्या हाताकडं पाहिलं, आणि ते कचरूनं पाहिलं.

आता जी चर्चा सुरू झाली ती दबक्या आवाजात, पण कचरूला ऐकू जाईल अशीच. कुणी म्हणालं, कायद्यानं बंद झालंय हे सगळं, बोलू नका, खाकीतला हाय. कुणी म्हणालं, कायदा गावात, मसणात न्हाई. कुणी म्हणालं, शिवाजीला द्या मडकं, अप्पारावचा मोठा पोरगा हाय, पुतन्यानं दिली आग तरी चालती. अप्पारावनंही तेच धरलं. “भुजंग, तू हात जोडून हुभा राहा. शिवाजी देईल आग. काकीला काय परका हाय का तो?”

गंमत अशी, की हे सगळे बोलत होते ते कचरूला सरणाभोवती फिरू द्यायचं की नाही याबद्दल. त्याला स्वतःला फिरायचं आहे की नाही, हे कुणी विचारत नव्हतं. आणि त्याला फिरायचं नव्हतं. घरातले देव त्यानं आपल्या हातानं नदीत सोडले होते. असलं काही पुन्हा करणार नाही असा शब्द दिला होता. बाप वारला तेव्हा त्यानं मडकं धरलं नाही, फेरे मारले नाहीत. चार माणसांसोबत वंदना म्हणून बापाला निरोप दिला. तेव्हा त्याच्याच म्हाताऱ्या आत्यानं त्याला शिव्या घातल्या होत्या. बापासाठी जे केलं नाही ते आता एका मराठ्याच्या आईसाठी करायचं? त्याला राग आला. फौजदाराचा आला, ह्या लोकांचा आला, आणि आपल्याशी बांधलेल्या ह्या दणकट माणसाचाही आला. पाठ फिरवून निघून जावं असं वाटलं. पण जाणार कसं? मनगटाला मनगट बांधलेलं.

भुजंग इतका वेळ सरणाकडं बघत उभा होता. तो वळला. त्यानं अप्पारावकडं पाहिलं नाही. कचरूकडं पाहिलं.

“हवालदार, तुमी चालाल का माझ्या संगं?” तो म्हणाला. “तुमच्या धर्मात हे न्हाई. मला ठावं हाय. तुमी न्हाई म्हणले तर मी शिवाजीला देतो मडकं. माझा काई राग न्हाई.”

कचरू त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. जन्मभर मराठ्यांच्या मयताची किती कामं त्याच्या बापानं केली, आज्यानं केली. लाकडं वाहिली, खबरी पोचवल्या, मढ्यावरचं कापड उचललं. प्रत्येक वेळी हुकूम होता. ‘कराल का’ असं कधी कुणी विचारलं नव्हतं. कचरूच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

“चालतो,” तो म्हणाला. “बूट काढू द्या.”

“भुजंग!” अप्पाराव पुढं आला. त्याचा आवाज चढला नव्हता. उलट तो विनवत होता. “इचार कर. उद्या तू सुटून येशील. भावकी लागती मानसाला. हे केलंस तर तुझ्या दाराला कुनी येनार न्हाई. दहाव्याला न्हाई, तेराव्याला न्हाई. मी म्हणलो तरी लोक आयकनार न्हाईत.”

“दादा, मायनं सांगितलंय.”

“माय गेली आता.”

“म्हून तर,” भुजंग म्हणाला, आणि त्यानं मडकं उचलून उजव्या खांद्यावर ठेवलं. त्याचा बांधलेला हात वर गेला, त्याच्याबरोबर कचरूचाही गेला. मडक्याला दोन्ही हात लागले.

मडक्याला भोक पाडायला कुणी पुढं येईना. दगड सरणापाशी पडला होता. अप्पाराव जमिनीकडं बघत होता, शिवाजी अप्पारावकडं बघत होता. भुजंग मडकं घेऊन उभा, वाट बघत. पाण्यानं भरलेलं मडकं जड असतं. ते खांद्यावर एका बाजूला कलायला लागलं. तेव्हा कचरू वाकला, मोकळ्या हातानं दगड उचलला आणि म्हणाला, “चला भुजंगराव.”

पहिला फेरा. कचरूनं दगड मारला. पाण्याची धार भुजंगच्या पाठीवरून, खाकी शर्टाच्या बाहीवरून खाली लागली. अनवाणी पावलांना नाल्याकाठचे खडे टोचत होते. दुसरा फेरा. तिसरा.  भुजंगनं मडकं मागं सोडून दिलं, ते फुटलं. रीतीप्रमाणं आता मुलानं उलटा हात तोंडावर मारून बोंब मारायची. भुजंगचा उजवा हात तोंडाकडं गेला आणि कचरूचा डावा हातही त्याच्या तोंडापाशी गेला. बोंब निघेना. नुसता श्वास निघाला. कचरूला आपल्या बोटांवर त्याचा गरम श्वास लागला, मग ओलं लागलं. भुजंगनं कचरूच्या त्याच पंजात तोंड खुपसलं आणि तो रडला. पहिल्यापासून आत्तापर्यंत रडला नव्हता, ते सगळं रडला. कचरू हात तसाच वर धरून उभा राहिला. हाताला रग लागली तरी त्यानं तो खाली घेतला नाही.

आग भुजंगनंच दिली.

नंतर सगळे नाल्यात अंघोळीला उतरले. जिथं हे दोघं उतरले तिथून बाकीचे वरच्या अंगाला सरकले. कचरू खाकी पँटसकट गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि एका हातानं आपल्या डोक्यावर पाणी घेतलं. भुजंगच्या पाठीवरही त्यानंच ओतलं, कारण भुजंगचा एक हात पुरत नव्हता.

घराकडं जाता आलं नाही. गाडीची वेळ झाली होती, आणि अप्पारावनं घरापर्यंत चला असं म्हटलंही नाही. पुष्पाबाई मात्र फाट्यापर्यंत लगबगीनं आली. तिनं भुजंगच्या गालांवरून हात फिरवला. “संध्याकाळच्या गाडीनं कडू घास घिऊन येते मी,” ती म्हणाली. “बिलकुल येते. उपाशी झोपू नको.”

मयत झालेल्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. सोयऱ्याधायऱ्यांच्या घरून भाकरी येते, बिनफोडणीचं कालवण येतं, आणि कुणीतरी जवळचं माणूस जबरदस्तीनं पहिला घास भरवतं. त्याला कडू घास म्हणतात. तो घास घशाखाली उतरला की मगच दुःख झालेल्या माणसानं जेवायचं. तो आला नाही तर माणसानं समजायचं, की आपल्याला कुणी उरलं नाही.

सबजेलला परतल्यावर फौजदारांनी हातकडी खोलली तेव्हा कचरूच्या मनगटावर लाल वळ उठला होता.

“पँट कशानं भिजली रे?”

“नाल्यात उतरावं लागलं साहेब.”

“काही गडबड?”

“न्हाई साहेब.”

भुजंग कोठडीत गेला आणि दाराकडं तोंड करून बसला. सरकारी जेवणाची थाळी त्यानं बाजूला सारली. “काकी येऊन राह्यली,” तो म्हणाला. “ती येईल मंग खातो.”

संध्याकाळच्या गाडीला कचरू स्वतः स्टँडवर गेला. आधी अंबडची आली, मग बोरखेडीची. बोरखेडीच्या गाडीतून कापसाच्या सरकीची पोती उतरली, एक म्हातारा उतरला, शाळामास्तर उतरले. फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन कुणी उतरलं नाही. गाडी रिकामी होऊन डेपोकडं वळली तरी कचरू तिथंच उभा होता. पुष्पाबाईला निघू दिलं नसणार, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं कंडक्टरला विचारलं, “मागं आनखी गाडी हाय का?”

“उद्याच आता,” कंडक्टर म्हणाला.

घरी त्याची बायको सत्यशीला जात्यापाशी बसली होती. तिनं आधी पँट पाहिली, मग मनगट पाहिलं. कचरूनं सगळं सांगितलं. चहाच्या बशीपासून सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिच्या कपाळावरची शीर उठत गेली.

“सासऱ्यानं लाकडं वाहिली,” ती म्हणाली, “अन् तुमी मडकं फोडून आले. छान झालं. बाबासाहेबांनी एवढं केलं ते कशासाठी? परत तिथंच जाऊन हुभं राहायासाठी?”

“तवा हुकूम होता. आज त्यानं इचारलं.”

“इचारलं म्हून काय झालं?”

“इचारलं म्हून न्हाई म्हणता येत होतं,” कचरू म्हणाला. “म्हून हो म्हणलो.”

 सत्यशीलानं जात्यातलं पीठ उगाच दोनदा गोळा केलं.

“अन् आता माझ्याकडून काय पायजे?”

“कडू घास आला न्हाई त्याचा.”

“मंग?”

“मंग काई न्हाई. सांगितलं तुला.”

“त्याच्या भावकीनं तुमी शिवलेली बशी फोडली असंल आतापस्तोर. अन् मी त्याच्यासाठी भाकरी टाकू?”

 कचरू बाहेर ओट्यावर जाऊन बसला. त्याला बायकोचं चुकलं असं वाटत नव्हतं. तिचं बराबर होतं. थोड्या वेळानं आतून परातीत पीठ मळल्याचा आवाज आला, मग भाकरी थापल्याचा.  सत्यशीला बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि पितळेच्या डब्यात फोडणी न घातलेलं पिठलं होतं. पायात चपला होत्या.

“मी जाऊन देतो,” तो उठला.

“तुमचं काम न्हाई हे. बाईमानसानं द्यायाचा असतो.” आणि चालायला लागल्यावर ती म्हणाली, “माय दर बाजारी यायची म्हणले ना तुमी?”

“यायची.”

“हं,” एवढंच ती म्हणाली.

सबजेलच्या दारात अजून उजेड होता. पहाऱ्यावरच्या शिपायानं कचरूमामाला बघून आत सोडलं. भुजंग तसाच बसला होता. पावलं वाजली तसा तो ताडकन उठला आणि गजांपाशी आला. मागं पुष्पाबाई नाही हे दिसल्यावर त्याचे हात गजांवरून खाली आले.

“गाडीला कुनी आलं न्हाई भुजंगराव,” कचरू म्हणाला. “ही आमची घरची. सत्यशीला.”

भुजंगनं मान हलवली. त्याला समजलं होतं. भाकरी कुणी आणली तेही समजलं आणि कुणी आणली नाही तेही समजलं. सत्यशीलानं खाली बसून फडकं सोडलं. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला. हात गजांपाशी नेला आणि तिथं थांबवला. भुजंग त्या घासाकडं बघत होता. त्याचं तोंड उघडेना. आईच्या सरणापाशी एका माणसाबरोबर चालणं वेगळं आणि आता हे वेगळं. जन्माची सवय एका दिवसात जात नाही. सत्यशीलानं ते ओळखलं. समोरचा घेईल की नाही याची वाट बघायची तिच्या हाताला जुनी सवय होती.

“न्हाई खायाचं तर न्हाई खा,” ती म्हणाली. “मी रुसनार न्हाई. भाकरी ठिवून जाते. पर कुनी तरी म्हणायाचं असतं ते म्हणते. गेल्या मानसासंगं जाता येत न्हाई बाबा. पोटाला दोन घास खा.”

“तुमी थापली?” भुजंगनं विचारलं. 

“मंग काय फौजदारानं थापली?”

भुजंगच्या तोंडावर हसू येता येता तोंड वाकडं झालं. तो गुडघ्यांवर बसला, म्हणजे तिचा हात पोचेल.

“मायचं नाव काय रे?” तिनं विचारलं.

“गिरिजाबाई.”

“घे. गिरिजाबाईच्या नावानं.”

त्यानं तोंड उघडलं. सत्यशीलानं घास भरवला, राहिलेली भाकरी गजांतून त्याच्या दोन्ही हातांवर ठेवली आणि ती उठून पाठमोरी उभी राहिली. रडत जेवणाऱ्याकडं बघू नये. कचरूनंही मान वळवली. बाहेर बाजार उठत होता, गाड्या जुंपल्या जात होत्या. मागं भाकरी मोडल्याचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. दोघं तसेच उभे होते, भुजंग पाणी मागेपर्यंत.